एकोणीस एकांचा ताळा

एक हा अंक एकापुढे एक असा एकोणीस वेळा मांडला असता ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही जी संख्या सिद्ध होते, तिच्याकडे प्रथमदर्शनी पाहणाऱ्यास तीत लहान मुलाने पाटीवर ओढलेल्या उभ्या रेघांपलीकडे काही आहे असे वाटणार नाही. तथापि १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या आहे, हे विधान तिच्याविषयी केले गेले म्हणजे त्या रांगेकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये एकं, दश, शत येथपासून परार्धापर्यंत दशगुणोत्तर अशा अठरा स्थानांची नावे सांगितली आहेत, आपल्या संख्येचा डावीकडून पहिला एक त्या परार्धाच्याही पुढच्या, एकोणिसाव्या स्थानी उभा आहे. एवढ्या विस्ताराच्या संख्येला एकही भाजक नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारे सांगावे? आणि सांगितले, तर ते तुम्हीआम्ही का मानावे? या लेखाचा विषय हाच आहे. आणि मोठमोठ्या विद्यापीठांपासून दूर असलेल्या माणसासही या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येते, ही माझी दृढ श्रद्धा त्याच्या मुळाशी आहे.

लेख तिरोड्यात लिहिला जात आहे. गोंदिया जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या, मालगुजारीच्या अमदानीतील आणि आजही ‘माजी मालगुजारी’ याच नावाने सरकारी दप्तरात नोंदले जाणारे तलाव, राईस मिली, आणि त्यांच्या शेजारी अलीकडे उभा राहिलेला, ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा मिळून ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प, असा या परिसराचा सांप्रतचा संसार आहे. दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी चालू असते आणि भारी धान अजून उभे असते. अशा गावी मूळ संख्यांचा विचार करण्यास काही विशेष निमित्त हवे असे नाही. पण एक योगायोग मला नोंदवावासा वाटतो. तिरोड्याच्या फलाटावरून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग नागपूर, भुसावळ असे करीत प्रथम चाळीसगाव गाठतो, ज्याच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची साक्ष देणारा शके ११२८ चा शिलालेख आहे. पुढे तोच मार्ग देवळालीस जातो, जेथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तराने आपले आयुष्य संख्यांच्या सहवासात घालविले. आणि घाट उतरून कल्याणच्या पुढे तो डोंबिवलीवरून जातो, ज्या स्थानकाचे नाव कापरेकरांच्या एका संख्याकुलास मिळाले असे सांगतात. महाराष्ट्राच्या अंकगणिताचा इतिहास एकाच रुळावर असा ओळीने मांडलेला आहे, आणि तिरोडा त्याच ओळीत बसते.

केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचा पहिला नियम शाळकरी मुलासही समजण्यासारखा आहे. एकांची गणती संयुक्त असेल, तर संख्याही संयुक्तच निघते. सहा एक घ्यावेत: १,११,१११ यात दोन एकांचे तीन गट पडतात, म्हणून ११ ने भाग जातो, तीन एकांचे दोन गट पडतात, म्हणून १११ नेही भाग जातो. तात्पर्य, मूळ संख्या हवी असेल तर निदान एकांची गणती तरी मूळ असली पाहिजे. परंतु एवढ्याने काम भागत नाही. दोन एकांची ११ ही संख्या मूळ आहे. तीन एकांची १११ मात्र ३ आणि ३७ यांचा गुणाकार आहे. पाच एकांची ११,१११ ही ४१ आणि २७१ यांत फुटते, सात एकांची २३९ आणि ४,६४९ यांत, अकरा एकांची २१,६४९ आणि ५,१३,२३९ यांत, तेरा एकांची तर ५३, ७९ आणि २६,५३,७१,६५३ अशा तीन भाजकांत. सतरा एकांची संख्या दीर्घकाळ झुंजत राहील असे वाटते, पण तीही अखेर २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७ यांच्यापुढे हार खाते. ११ नंतर एवढ्या साऱ्या पराभवांची परंपरा चालत आल्यावर एकोणीस एकांची संख्या अभंग उभी राहते.

हे भाजक वरवर पाहता वाटेल तसे आलेले दिसतात, पण त्यांच्यामागे एक शिस्त आहे, आणि ती पाहण्यासाठी भागाकाराचा जुना शालेय शिरस्ताच उपयोगी पडतो. १ ला ४१ ने भागावयास घ्यावे. १० मध्ये ४१ जात नाहीत, भागाकारात शून्य, बाकी १०. १०० मध्ये ४१ दोनदा, बाकी १८. १८० मध्ये चारदा, बाकी १६. १६० मध्ये तीनदा, बाकी ३७. ३७० मध्ये नऊदा, बाकी १. ज्या एकापासून आपण निघालो तोच एक पाचव्या पायरीस बाकी म्हणून परत आला, म्हणून यापुढे ०२४३९ हे पाच अंक अखंड फिरत राहतात. पाच पायऱ्यांनी बाकी १ उरते याचाच दुसरा अर्थ असा की, १,००,००० ला ४१ ने भागता १ उरतो, म्हणजे ९९,९९९ ला ४१ ने पूर्ण भाग जातो, आणि ४१ चा नऊशी काही संबंध नसल्यामुळे ११,१११ लाही जातो. आवर्ती दशांशाच्या आवर्तनाची लांबी आणि एकांच्या संख्येचे भाजक ही एकाच वस्तूची दोन दर्शने आहेत. १८७४ साली विल्यम शँक्स या इंग्रज गणकाने २०,००० च्या खालील प्रत्येक मूळ संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन किती अंकांचे आहे, याचा तक्ता सिद्ध केला. आणि १९५० मध्ये कापरेकरांनी देवळालीहून स्वखर्चाने प्रसिद्ध केलेल्या, आवर्ती दशांशांच्या चक्रांवरील पुस्तकाच्या पहिल्या खंडात ३ पासून १६१ पर्यंतच्या भाजकांची चक्रे मांडली. ४१ ची पाच अंकी, ५३ आणि ७९ यांची तेरा अंकी आवर्तने याच मर्यादेत येतात.

आता याच दृष्टीने एकोणीस एकांकडे पाहावे. तिचा जो कोणी मूळ भाजक असेल, त्याचे आवर्तन एकोणीस अंकांचेच असणार, आणि तसे व्हावयाचे तर तो ३८ च्या पटीत एक मिळवून होणाऱ्या संख्यांपैकीच असला पाहिजे, असे सतराव्या शतकातील फर्माच्या प्रमेयावरून निघते. (सातांच्या बाबतीत हेच पाहा: २३९ म्हणजे चौदा सतरे अधिक एक.) याखेरीज दुसरी एक चाळणी आहे: त्या भाजकाला ४० ने भागता बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ हीच उरली पाहिजे. ३८ च्या मालिकेतील पहिल्या दोन मूळ संख्या १९१ आणि २२९ या आहेत. पैकी २२९ ला ४० ने भागता २९ उरतात, म्हणून ती भागाकार न करताच बाद होते. १९१ ही चाळणीतून पार पडते, म्हणून तिची परीक्षा प्रत्यक्ष घ्यावी लागते. एकावर एकोणीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येस १९१ ने भागता बाकी १८४ उरते, १ उरत नाही, म्हणून तीही बाद. असे करीत वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटी ४० लाखांपर्यंत, चढत जावयाचे. दोन्ही चाळण्या लावूनही पंधरा लाखांच्या आसपास मूळ संख्या परीक्षेस उरतात. रोज शंभर भागाकार न चुकता केले तरी एक्केचाळीस वर्षे लागतील. शिक्षकाच्या उभ्या नोकरीतही हे काम संपावयाचे नाही. येथे कष्टाची वाट खुंटते आणि युक्तीची सुरू होते. ती युक्ती समजून घेण्यापूर्वी देवळालीच्या मास्तरांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकुनी करीत, त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, आणि अंकांची गोडी मुलास घरातच लागली. ठाण्याच्या शाळेतून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षकाची नोकरी, असा त्यांच्या चरित्राचा बाह्य आलेख आहे. पुढील उच्च शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा गुण आढळला: सर्व अंक एकसारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे, म्हणजे फार तर सातव्या वजाबाकीस ६१७४ येऊन ठाकते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे सांगितले. आपल्याकडील विद्वज्जनांनी या कामाची संभावना करमणूक म्हणून केली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते आणि तेव्हा कोठे जगाने त्यांची दखल घेतली. १९८६ साली देवळालीसच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या दोन संख्याकुलांशी आपणांस कर्तव्य आहे. पहिले डेमलो संख्यांचे. १९२३ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत, जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्याचे नाव त्यांनी या संख्यांना दिले. त्यांपैकी विशेष सुंदर अशा डेमलो संख्या म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ या. त्या अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार एकांच्या संख्यांचे वर्ग आहेत. नऊ एकांपर्यंत हा मनोरा सुबकपणे चढतो आणि उतरतो. दहाव्या एकापासून हातचे येऊ लागतात आणि आकृती विस्कटल्यासारखी दिसते. दुसरे कुल त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचे. २९७ चा वर्ग ८८,२०९. तो ८८ आणि २०९ असा तोडून बेरीज करावी, तर पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. वर्ग करावा, तोडावा, जोडावा आणि जेथून निघालो तेथे परत यावे, असा हा गुण. ही दोन कुले निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कुतूहलातून जन्मास आलेली. परंतु एकोणीस एकांच्या संख्येपाशी ती एकत्र येतात.

ही गोष्ट तिरोड्यातील एका शाळेत मी पाहिली. गणिताच्या सरांनी फळ्यावर एकोणीस एकांचा वर्ग लिहिला. सदतीस अंकांची ती रांग फळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. उजवीकडून एकोणीस अंक मोजून त्यांनी तेथे उभी रेघ ओढली आणि डावीकडील अठरा अंक उजवीकडील अंकांच्या वर, स्थानाखाली स्थान येईल असे मांडले:

१२३४५६७९०१२३४५६७९०
०९८७६५४३२०९८७६५४३२१

आणि म्हणाले, “आता बेरीज तुम्ही सांगा.” एककाच्या स्थानी शून्य आणि एक, एक, दशकाच्या स्थानी नऊ आणि दोन अकरा, एकास एक, हातचा एक, पुढे सात, तीन आणि हातचा एक मिळून अकरा, पुढे सहा, चार आणि हातचा एक, पुन्हा अकरा. चारपाच स्थाने झाल्यावर वर्गाच्या ध्यानात आले आणि मुले एका सुरात “एक, एक” म्हणत डावीकडे सरकू लागली, ती एकोणिसावा एक येईपर्यंत. एकोणीस एकांची संख्या ही स्वतःच कापरेकर संख्या आहे! गलबला शमल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, दहाच एक घेतले तर जमते का?” सरांनी उत्तर दिले नाही, खडू तिच्या हाती दिला. तिने दहा एकांचा वर्ग केला, तोडला, ०९८७६५४३२१ मध्ये १२३४५६७९० मिळविले, आणि दहा एक आले.

त्या मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने दोन गुणांची फारकत झाली. दहा एकांची संख्या मूळ नाही; ११, ४१, २७१ आणि ९,०९१ हे तिचे भाजक आहेत. तरीही तोडजोडीचा गुण तिच्या अंगी आहे. मग तो कोठून येतो? एकांच्या गणतीस ९ ने भागता बाकी १ उरली पाहिजे, एवढेच त्याचे रहस्य: दहा, एकोणीस, अठ्ठावीस अशा गणत्यांना तो लाभतो. केवळ एकांच्या ज्या संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले आहे, त्यांपैकी पहिल्या सातांत एकांची गणती २, १९, २३, ३१७, १०३१, ४९०८१ आणि ८६४५३ अशी आहे. या सातांना ९ ने भागून पाहावे, बाकी १ उरते ती केवळ १९ ची. मूळपणा आणि कापरेकरांचा गुण या दोहोंचा संगम या सातांत एकट्या एकोणीस एकांच्या ठायी झाला आहे.

परंतु मूळपणाचाही या खेळावर परिणाम होतो, आणि तो अधिक खोल आहे. एकावर एकोणीस शून्ये या संख्येतून १ वजा केला म्हणजे एकोणीस नव उरतात. त्यांचे अवयव म्हणजे ९ आणि आपली मूळ संख्या, दुसरे काही नाही. वर्ग एकोणीस अंकांवर तोडून, जोडून आरंभीच्या संख्येवर परत येणे म्हणजे या अवयवांची दोन गटांत वाटणी करण्याचा एक प्रकार होय. आणि दोनच गोष्टी वाटावयाच्या असल्यावर वाटणीचे प्रकार चारच. त्यांपैकी दोन क्षुल्लक, ० आणि १ यांचे (पैकी शून्याच्या जागी एकोणीस नव बसतात). उरलेल्या दोहोंपैकी एक आपली संख्या, आणि दुसरी तिला पूरक अशी ८८,८८,८८,८८,८८,८८,८८,८८,८८९, जी तिच्यात मिळविली असता एकावर एकोणीस शून्ये होतात. २९७ आणि ७०३ यांची बेरीज १,००० होते, त्याचेही कारण हेच. याउलट सहा नवांचे अवयव २७, ७, ११, १३ आणि ३७ असे पाच, म्हणून तेथे वाटणीचे प्रकार बत्तीस. भाजकांची समृद्धी असेल तेथे कापरेकर संख्यांचीही समृद्धी, आणि मूळपणा असेल तेथे त्यांचा दुष्काळ. ज्या कामास करमणूक म्हटले गेले, ते असे संख्यांच्या अंतरंगाचे वर्णन ठरते.

आता पुराव्याकडे वळू. फर्माचे प्रमेय सांगते की, संख्या मूळ असेल तर तिने न विभागली जाणारी कोणतीही संख्या घ्यावी, तिचा घात मूळ संख्येहून एकाने कमी इतका चढवावा, आणि भागावे. बाकी १ च उरेल. ही कसोटी उलट दिशेने मात्र विश्वासार्ह नाही. सतरा एकांची संख्या संयुक्त आहे हे आपण पाहिले. तरी १० हा पाया घेऊन तिची परीक्षा घेतली, तर बाकी १ उरते आणि ती मूळ असल्याची खोटी साक्ष मिळते. कारण उघड आहे: दहाचा सतरावा घात या संख्येने भागता १ उरतोच, आणि तिच्याहून एकाने लहान संख्येस १७ ने भाग जातो. दहाची साक्ष या सर्व प्रकरणात आप्ताची साक्ष होय. ती दप्तरी दाखल करून घेण्यात अर्थ नाही. ३ सारखा तिऱ्हाईत पाया घ्यावा, आणि त्याच्याही जबानीवर विसंबून न राहता दुसरा, पक्का दस्तऐवज मागावा.

तो दस्तऐवज आपल्या संख्येच्या अगदी शेजारी पडून आहे. तिच्यातून १ वजा करा: अठरा एक आणि शेवटी शून्य, म्हणजे अठरा एकांची दसपट. अठरा ही गणती संयुक्त, म्हणून ती संख्या सहज उलगडते. दसपटीतील २ आणि ५ धरून तिचे अवयव २, ५, ३ चा वर्ग, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७ असे आहेत. एदुआर ल्यूका यांनी १८७६ च्या सुमारास दाखविले, आणि हेन्री पॉकलिंग्टन यांनी १९१४ मध्ये सुलभ केले, की एखाद्या संख्येहून एकाने लहान असलेल्या संख्येचे पुरेसे अवयव ठाऊक असतील, तर पहिलीच्या मूळपणाचा निर्विवाद दाखला मिळू शकतो. येथे शेवटचे दोन अवयवच पुरतात, कारण त्यांचा गुणाकार सुमारे १,७५४ कोटी, म्हणजे वर्गमुळाच्या १०५ कोटींहून पुष्कळच मोठा आहे. योग्य पाया घेऊन पूर्ण घातावर बाकी १ उरावी. आणि घातास ३,३३,६६७ ने, मग ५२,५७९ ने भागून आलेल्या लहान घातांवर ज्या बाक्या उरतील, त्यांतून प्रत्येकी १ वजा करून उरलेल्या संख्येचा आपल्या संख्येशी मसावि १ असावा. एवढे जमले की प्रकरण निकालात निघाले. लक्षावधी भागाकारांची आवश्यकता राहिली नाही. घात चढविण्यास सुमारे साठ वेळा वर्ग करावा लागतो, आणि प्रत्येक वर्गास एकोणीस एकांनी भागणे हे तर भागाकाराचे कामच नाही: फार तर सदतीस अंकांच्या वर्गाचे उजवीकडून एकोणीस अंकांवर दोन तुकडे करावेत, त्यांची बेरीज घ्यावी, आणि उरेल त्यातून एकोणीस एक जितक्या वेळा वजा होतील तितक्या वेळा करावेत. आमच्या आज्यापणज्यांच्या पिढ्या गुणाकाराचा खरेखोटेपणा पाहण्यासाठी नवाचा ताळा पाहत, अंकांची बेरीज करीत. हा त्याच ताळ्याचा एकोणीस अंकी अवतार आहे. आणि तोडून जोडण्याची ही क्रिया म्हणजे कापरेकर देवळालीत करीत होते तीच. खेळ म्हणून जी क्रिया मांडली, तिच्याच साह्याने पुरावा तडीस जातो.

इतिहासात हे यश ऑस्कर हॉप्पे यांच्या नावावर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमधून त्यांनी एकोणीस एकांच्या मूळपणाची सिद्धता प्रसिद्ध केली. तेवीस एकांची संख्या मूळ आहे हे १९२९ मध्ये डी. एच. लेहमर आणि मोरिस क्रायचिक यांनी स्वतंत्रपणे दाखविले. कापरेकर पदवीधर झाले ते हेच वर्ष. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक शांततेत गेले. १९७८ मध्ये ह्यू विल्यम्स यांनी ३१७ एकांची, आणि १९८५-८६ च्या सुमारास विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. ४९,०८१ एकांच्या संख्येची सिद्धता २०२२ मध्ये, आणि ८६,४५३ एकांच्या संख्येची २०२३ मध्ये पूर्ण झाली. २०२१ साली ८१,७७,२०७ एकांची एक संख्या हाती लागली, जिला मूळ म्हणण्यास प्रबळ आधार आहे पण दाखला नाही. म्हणून गणितज्ञ तिला अद्याप ‘संभाव्य’ असेच म्हणतात. अशा मूळ संख्या अनंत आहेत किंवा कसे, हा प्रश्न साऱ्या जगापुढे खुला आहे.

दशमान सोडून द्विमानात गेलो, की हेच कुल अधिक भरभराटीस आलेले दिसते. मर्सेन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मूळ संख्या द्विमानात लिहिल्या असता केवळ एकांच्याच बनतात, आणि तेथेही एकांची गणती मूळ असावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली, त्या वेळची ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ही द्विमानात १३,६२,७९,८४१ एकांची आहे. दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. अनेक देशांत पसरलेल्या संगणकांच्या ताफ्याने हे काम केले. भारताचा या क्षेत्रातील मोठा मान २००२ चा: कानपूरच्या आय.आय.टी.तील मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले की, कोणत्याही संख्येच्या मूळपणाचा निर्णय, तिच्या शेजारच्या संख्येचे अवयव ठाऊक नसले तरी, मर्यादित पायऱ्यांत आणि निरपवादपणे लावता येतो.

एवढ्या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील, तर मोठ्या मूळ संख्यांवर आजच्या बँकांच्या गुप्तलेखनाची मदार आहे, हे उत्तर देता येईल. ते खरेही आहे. पण मला ते अपुरे वाटते. समाजात बहुतेक गोष्टी आपण कोणाच्या तरी अधिकारावर मानतो: सातबारा तलाठ्याच्या सहीवर, औषध वैद्याच्या शब्दावर, बातमी छापणाऱ्याच्या भरवशावर, आणि मानल्यावाचून गत्यंतरही नसते. अंकगणित हा एकच असा मुलूख आहे की जेथे न्यूयॉर्कच्या गणितज्ञाने केलेले विधान तिरोड्यातील मुलीस खडूने तपासून पाहता येते, आणि ते चुकले असेल तर तिने दाखविलेली चूक त्यालाही मान्य करावी लागते. कापरेकरांजवळ ना पद होते, ना यंत्र, ना संशोधनसंस्था. तरी त्यांचे ६१७४ आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते, कारण ते कोणालाही करून पाहता येते. आमच्या शाळांनी मुलांना संख्यांविषयी निष्कर्ष पाठ करावयास लावण्यापेक्षा ताळा पाहण्याचा हा हक्क त्यांच्या स्वाधीन करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हा हक्क वाचकांनीही बजावून पाहावा. एकोणतीस ही गणती मूळ आहे. एकोणतीस एकांची संख्या मात्र मूळ नाही. तिचा प्रत्येक मूळ भाजक ५८ च्या पटीत एक मिळवून होणाऱ्या संख्यांतच सापडेल. ५९ पासून आरंभ करावा, ४० ची चाळणी लावावी, १ ला एकेका उमेदवाराने भागत जावे, आणि एकोणतिसाव्या पायरीस बाकी १ उरते का एवढेच पाहावे. पटीचा आकडा साठापर्यंत पोहोचण्याच्या आत एक उमेदवार यशस्वी होतो. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. ते ज्याने त्याने आपल्या कागदावर मिळवावे, आणि मिळाल्यावर माझ्यावर किंवा आणखी कोणावर विश्वास ठेवण्याचे कारण उरणार नाही.